हिरव्या पट्टीचा हिशेब

सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका फ्रेमच्या वाट्याला ४० मिलिसेकंद येतात. मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरला तेवढ्या वेळात ती फ्रेम तयार करून पडद्यावर टाकता आली, तर डिझायनरला आपलं काम आहे त्या वेगात चालताना दिसतं. नाही जमलं, तर टाइमलाइनच्या डोक्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहते आणि माणूस फोन हातात घेतो. दोन ओळींचं शीर्षक आणि मागे एक फोटो, एवढ्याने कुठलंच यंत्र दमत नाही. त्यात सावली, ब्लर, उडणारे कण आणि थ्रीडी कॅमेरा आला की एकेका फ्रेमला दोन-दोन सेकंद लागायला लागतात, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या पन्नासपट.

ही तूट कुठून तरी भरून काढावी लागते. रिझोल्यूशन कमी करा, मधल्या फ्रेम गाळा, जड इफेक्ट बंद ठेवा, तुकड्या-तुकड्याने बघा, नाहीतर थांबा. यातली कुठली सवलत घ्यायची, हे त्या क्षणी आपण काय तपासतो आहोत त्यावरून ठरायला हवं. प्रत्यक्षात बहुतेकांकडे ते यंत्राच्या दमावरून ठरतं. मशीन रडायला लागलं की हाफ, आणखी रडलं की क्वार्टर, आणि मग त्याच क्वार्टरवर रंगही ठरवायचे, अक्षरांची जाडीही ठरवायची आणि गतीही. माझी तक्रार आहे ती या सवयीबद्दल.

सॉफ्टवेअरवाल्यांमध्येही या प्रश्नावर दोन घराणी आहेत. एक म्हणतं, वेळ पाळायचीच, दर्जाचं काय होईल ते होवो. टीव्हीवर निवडणुकीच्या दिवशी आकडे फिरवणारी व्हिझआरटीसारखी यंत्रणा किंवा अनरिअलसारखं गेम इंजिन या घराण्यातलं. तिथे फ्रेम उशिरा आली तर तिचा उपयोग शून्य, म्हणून दृश्यच असं बांधतात की ते वेळेत बसेल. ॲपलने २००४ मध्ये मोशन बाजारात आणलं तेही याच वाटेने. ग्राफिक्स कार्डावर भिस्त ठेवायची आणि कीफ्रेम मांडत बसण्याऐवजी चालत्या चित्रातच बदल करायचे. दुसरं घराणं आफ्टर इफेक्ट्स आणि न्यूकचं. चित्र बिनचूक हवं, वेळ लागेल तेवढा लागो. इथे प्रिव्ह्यू म्हणजे आधी फ्रेम काढून साठवायच्या आणि मग साठवलेल्या फ्रेम पळवायच्या. हिरवी पट्टी ही त्या साठ्याची खूण.

आफ्टर इफेक्ट्सचा जन्म १९९३ चा, अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या 'कंपनी ऑफ सायन्स अँड आर्ट' नावाच्या छोट्या कंपनीत. त्याच वर्षी ती कंपनी आल्डसने घेतली, १९९४ मध्ये आल्डस ॲडोबीत गेली. तेव्हाचं टीव्हीचं चित्र आज केवढंसं वाटतं! आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट धरले, तर एक फ्रेम जेमतेम १.७ एमबीची आणि एक सेकंद ४१ एमबीचा. फुल एचडीत हीच फ्रेम ८.३ एमबी होते आणि सेकंद २०७ एमबी. चित्र फोर-के केलं आणि रंगाची खोली दर चॅनलला आठऐवजी ३२ बिट ठेवली, तर एकच फ्रेम १३३ एमबीच्या आसपास जाते आणि एक सेकंद ३.३ जीबी खातो.

३२ जीबी रॅमच्या मशीनवर प्रिव्ह्यूसाठी २४ जीबी मोकळी आहे असं समजा. आठ बिटांच्या एचडीत तिथे जवळजवळ दोन मिनिटं मावतात. ३२ बिटांच्या फोर-केत सात सेकंद. मशीन तेच, माणूस तोच. 'रॅम वाढव' हा सल्ला सगळेच देतात, पण प्रोजेक्टची रंगखोली कितीवर आहे हे आधी विचारणारा क्वचितच भेटतो. ग्लो आणि प्रकाशाच्या खेळासाठी ३२ बिट लागतात, गुळगुळीत ग्रेडियंटला १६ बिटांत बरं पडतं, पण नुसती अक्षरांची हालचाल बसवताना आठ बिट पुष्कळ झाले. हा आकडा अधूनमधून खाली-वर करता येतो. त्यात कमीपणा काही नाही.

या साठवणुकीचा इतिहास थोडक्यात असा. २०१० च्या सीएस-५ पर्यंत आफ्टर इफेक्ट्स ३२ बिटांचा प्रोग्रॅम होता, म्हणजे मशीनमध्ये रॅम कितीही घाला, त्याच्या एका प्रोसेसला चार जीबीपलीकडचं दिसत नसे. सीएस-५ ने ती भिंत पाडली. २०१२ च्या सीएस-६ मध्ये कॅशची पद्धतच बदलली. एकदा काढलेली फ्रेम डिस्कवर राहू लागली, प्रोजेक्ट बंद करून दुसऱ्या दिवशी उघडला तरी डिस्कवरच्या साठ्याची निळी पट्टी हजर, आणि अनडू केलं की आधीची फ्रेम पुन्हा न काढता परत मिळू लागली. माझ्या मते या सॉफ्टवेअरच्या वेगात झालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलं.

२०१५ चा टप्पा कटू होता. प्रिव्ह्यू तयार होत असताना बटणं, खिडक्या गोठू नयेत म्हणून ॲडोबीने पडद्याचं काम आणि चित्र काढायचं काम वेगवेगळं केलं. विचार योग्य होता, पण त्या पुनर्बांधणीत एकाच वेळी अनेक फ्रेम रेंडर करायची जुनी सोय काढून टाकावी लागली. महागडे बहुकोअर प्रोसेसर घेऊन बसलेल्यांची चिडचिड झाली आणि कित्येक जण जुन्या आवृत्तीलाच चिकटून राहिले. ती सोय नव्या रूपात, मल्टी-फ्रेम रेंडरिंग म्हणून, परत यायला ऑक्टोबर २०२१ उजाडला. सहा वर्षं म्हणजे या धंद्यात एक पिढी. २०२५ मध्ये आणखी एक अडसर गेला. डिस्कवरच्या फ्रेम आता आधी रॅममध्ये न कोंबताही चालवता येतात, त्यामुळे प्रिव्ह्यूची लांबी रॅमशी बांधलेली राहिली नाही. डिस्क मात्र चपळ हवी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर या सुधारणेची अपेक्षा करू नये.

आता रिझोल्यूशन. हाफ म्हणजे रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी, म्हणून पिक्सेल एक चतुर्थांश. थर्डला एक नवमांश, क्वार्टरला सोळावा हिस्सा. पण हाफ केलं म्हणून काम चौपट वेगाने होईल हा हिशेब क्वचितच जमतो. फोनवरचा व्हिडिओ उलगडणं, एक्स्प्रेशनची आकडेमोड, मोठा फोटो वाचणं ही कामं पिक्सेल कमी केल्याने फारशी हलकी होत नाहीत. क्वार्टरवर जाऊनही वेग तेवढाच राहिला, तर गाठ पिक्सेलमध्ये नाही एवढं नक्की कळतं. रिझोल्यूशनचा हा निदानासाठीचा उपयोग मला प्रिव्ह्यूइतकाच मोलाचा वाटतो.

ऑटो हा पर्याय बहुतेकांनी कायमचा लावून ठेवावा असाच आहे. कॉम्प, म्हणजे आपण रचत असलेलं कॉम्पोझिशन, पडद्यावर ५० टक्क्यांनी दिसत असेल, तर तो हाफवरच काढतो. जे पिक्सेल दिसणारच नाहीत ते काढण्यात अर्थ काय? ॲडॅप्टिव्ह रिझोल्यूशन वेगळं. ते फक्त आपण लेयर ओढत असताना चित्र ढोबळ करतं आणि हात सोडला की मूळ पदावर येतं. फ्युजन या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो प्रॉक्सी नावाने हीच युक्ती आहे. न्यूक तर चित्र ओळी-ओळीने काढतं आणि दिसत्या भागापुरत्याच ओळी मागतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये तेच आपल्या हाताने करायचं असेल तर 'रीजन ऑफ इंटरेस्ट'चा चौकोन आखावा लागतो. चेहऱ्याभोवतीचा मास्क तपासताना अख्खं आकाश रेंडर करत बसणारे लोक बघितले की वाटतं, हे बटण कुणी दाखवलंच नसावं यांना.

कमी रिझोल्यूशनचा खरा धोका दिसतो तो देवनागरीत. बातम्यांच्या खालच्या पट्टीतलं नाव घ्या. एचडीच्या चौकटीत बारीक वजनाच्या फाँटची शिरोरेषा तीन-एक पिक्सेल जाडीची असते. क्वार्टरवर ती एका पिक्सेलपेक्षाही पातळ होते. ती पट्टी हळूहळू वर सरकत असेल, तर शिरोरेषा कधी दोन ओळींत विभागून फिकी पडते, कधी एका ओळीत येऊन ठळक होते. डोळ्याला ती लुकलुकताना दिसते. अनुस्वाराचं टिंब वेलांटीत मिसळतं, रफार नाहीसा होतो, 'ऱ्या'मधला अर्धा र शिरोरेषेला चिकटून ढेकूळ होतो. बिचारा डिझायनर फाँट जाड करतो, कडा लावतो, सावली घालतो. फुलवर यातलं काहीच बिघडलेलं नसतं. नसलेला दोष दुरुस्त करण्यात दुपार जाते आणि अक्षर विनाकारण थोराड होऊन बसतं.

याची उलटी बाजूही आहे. इंटरलेस प्रसारणात सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी येतात, सेकंदाला पन्नास वेळा आलटून-पालटून. एका ओळीएवढी आडवी रेघ त्यातल्या निम्म्या वेळाच दिसते, म्हणजे ती लपलपते. रोमन लिपीत आडव्या रेघा तुटक असतात. आपल्याकडे शब्दाच्या डोक्यावर अखंड दांडी, म्हणून मराठी-हिंदी शीर्षकांना हा त्रास जास्त. कॉम्प्युटरचा मॉनिटर पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो, त्यामुळे फुल रिझोल्यूशनच्या प्रिव्ह्यूतही हा दोष दिसत नाही. तो दिसतो प्रसारणाच्या मॉनिटरवर किंवा थेट घरच्या टीव्हीवर. उपाय साधा आहे, उभ्या दिशेने किंचितसा ब्लर. आफ्टर इफेक्ट्समध्ये त्यासाठी 'रिड्यूस इंटरलेस फ्लिकर' नावाचा इफेक्टही आहे. अनेक एचडी वाहिन्या आजही १०८० ओळी इंटरलेस पाठवतात, तेव्हा हे सगळं इतिहासजमा झालं असं समजू नये. प्रिव्ह्यूचा दर्जा म्हणजे फक्त पिक्सेलची संख्या, ही समजूत इथे पार कोसळते.

फ्रेम गाळण्याच्या सवलतीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. प्रिव्ह्यू पॅनलमधल्या 'स्किप'ला हात लावू नये. एखादा शब्द सहा फ्रेममध्ये आत येऊन किंचित पुढे जातो आणि मागे येऊन स्थिरावतो. एकाआड एक फ्रेम गाळली की सहाच्या तीन उरतात, आणि ते पुढे जाणं नेमकं गाळलेल्या फ्रेमवर असेल तर डिझायनरला वाटतं, गती सपक झाली. तो ती वाढवतो. अंतिम रेंडरमध्ये शब्द रबरासारखा उसळतो. चित्र कितीही धूसर चालेल, इफेक्ट सगळे बंद चालतील, पण गती तपासताना फ्रेम पुऱ्या हव्यात आणि खऱ्या वेगात हव्यात. ठरलेला वेग गाठला नाही तर इन्फो पॅनलमध्ये लाल अक्षरांत तशी नोंद येते. तिच्याकडे लक्ष नसलं तर आवाज आणि चित्र जुळवायला बसणं व्यर्थ आहे.

मोशन ब्लरचंही तेच. कॉम्पच्या सेटिंगमध्ये त्याचे मूळचे नमुने फ्रेममागे १६ असतात आणि वेगवान लेयरसाठी १२८ पर्यंत जातात. गती बसवताना तो बंदच ठेवावा. ब्लरमध्ये वाईट टायमिंगही मुलायम दिसतं.

कॅशबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण वेळ सगळ्यात जास्त जातो तो तिथे. सॉफ्टवेअर प्रत्येक टप्प्याचं उत्तर जपून ठेवायला बघतं. काही बदललं की त्या बदलाच्या वर जे जे अवलंबून आहे, तेवढं सगळं टाकून देतं. म्हणून सगळ्यात खालच्या पार्श्वभूमीत रंगाचा एक काटा हलवला तरी वरच्या ॲडजस्टमेंट लेयरवरचा जड ब्लर पुन्हा काढावा लागतो. ज्यात वारंवार बदल होणार तो भाग शक्य तितका वर ठेवावा आणि जे पक्कं झालं ते प्रीकॉम्पमध्ये घालून तळाशी न्यावं. मोठ्या पार्श्वभूमीला सगळे मिळून एकदाच ब्लर द्यावा, प्रत्येक लेयरला वेगळा नको. हे वाचताना शहाणपणाच्या साध्या गोष्टी वाटतात. प्रत्यक्षात दुसऱ्याचा प्रोजेक्ट उघडला की दिसतं, बारा लेयरवर बारा ग्लो.

काही इफेक्ट एका फ्रेमवर भागत नाहीत. इको किंवा वेळ ताणणारे, चाल ओळखणारे इफेक्ट मागच्यापुढच्या फ्रेमही मागतात, तेव्हा एकेका फ्रेममागे खालची अख्खी साखळी अनेकदा चालते. एक्स्प्रेशनमध्ये दुसरी गोम असते. जे उत्तर अख्ख्या कॉम्पमध्ये बदलणारच नाही, उदाहरणार्थ अक्षरांच्या मापावरून पट्टीची रुंदी, तेही दर फ्रेमला नव्याने मोजलं जातं. आरंभी कंसात शून्य घालून 'पोस्टराइझटाइम'ची एक ओळ लिहिली की ते कायम शून्याव्या क्षणाचं उत्तर धरतं. नाव-पदनामाच्या साच्यांत या एका ओळीने फरक जाणवतो.

गाठ कुठे आहे हे अंदाजाने शोधायची गरजही आता उरलेली नाही. २०२१ पासून टाइमलाइनच्या कोपऱ्यात गोगलगायीचं चिन्ह आलं आहे. ते दाबलं की समोरच्या फ्रेमसाठी कुठल्या लेयरने, कुठल्या इफेक्टने किती वेळ घेतला हे शेजारी उमटतं. मोठ्या प्रोजेक्टमध्ये सगळा वेळ एक-दोन लेयरच खात असतात असं बहुधा निघतं. ते दोन तेवढे बंद ठेवा, किंवा एकदा रेंडर करून प्रॉक्सी लावा, बाकीचं काम हलकं होतं.

आणि कित्येकदा तो लेयर म्हणजे नुसता फोटो असतो. गणपतीत मंडळांच्या रील्स करणाऱ्यांना हा अनुभव नित्याचा. कॅमेऱ्यातून आलेला ६००० बाय ४००० चा फोटो उभ्या, १०८० पिक्सेल रुंदीच्या कॉम्पमध्ये छोटा करून बसवायचा. दिसायला छोटा, पण उलगडताना २ कोटी ४० लाख पिक्सेल, म्हणजे आठ बिटांत ९६ एमबी. असे दहा फोटो झाले की एक जीबी त्यांनीच अडवली. आधी फोटोशॉपमध्ये माप कमी करावं, एवढंच. व्हिडिओत अडचण वेगळी. फोनचा एच.२६४ किंवा एचईव्हीसी हा साठवायला काटकसरी असतो, कारण बहुतेक फ्रेममध्ये फक्त आधीपासूनचा फरक लिहिलेला असतो. मधलीच एक फ्रेम मागितली तर मागच्या कितीतरी उलगडाव्या लागतात. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. फाइल फुगते, टाइमलाइन सुटसुटीत होते. डिस्क स्वस्त आहे, तेव्हा हा सौदा करावाच.

हार्डवेअरबद्दल थोडक्यात. मल्टी-फ्रेम रेंडरिंगमध्ये प्रत्येक चालू फ्रेमला तिची स्वतःची रॅम लागते, म्हणून कोअर वाढवून रॅम तशीच ठेवली तर कोअर बसून राहतात. ग्राफिक्स कार्डाचा उपयोग जे इफेक्ट त्याच्यासाठी लिहिले आहेत त्यांनाच. बाकी यंत्र विकत घ्यायचा सल्ला इथे नको, आकडे दर वर्षी बदलतात.

थ्रीडीच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये दर्जा घसरतो तो निराळ्या पद्धतीने. सायकल्स इंजिन आधी दाणेदार चित्र दाखवतं आणि ते हळूहळू निवळतं. प्रकाशयोजनेचा अंदाज दाण्यांतूनही येतो, पोत मात्र कळत नाही. ईव्ही इंजिन लगेच चित्र देतं, पण परावर्तन आणि सावल्यांत तडजोड करून. एकाच प्रोजेक्टमध्ये हालचाल ईव्हीवर आणि अंतिम प्रकाश सायकल्सवर बघणारे लोक मला सगळ्यात सुज्ञ वाटतात. काय तपासायचं ते त्यांनी आधी ठरवलेलं असतं.

प्रिव्ह्यूचा आणखी एक प्रेक्षक असतो, तो म्हणजे ग्राहक. त्याच्याकडे जातं ते हाफवर काढलेलं, दाबून लहान केलेलं आणि व्हॉट्सॲपने आणखी दाबलेलं चित्र. तिथून उत्तर येतं, "लाल अक्षरं फाटल्यासारखी दिसतात." बरोबरच आहे. एच.२६४ च्या नेहमीच्या पद्धतीत रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकच असते, आणि निळ्यावरच्या लाल अक्षराची कड त्यात हमखास फुटते. अशा वेळी दोन वेगळ्या गोष्टी पाठवाव्यात. गती कळावी म्हणून छोटा, पूर्ण फ्रेमरेटचा व्हिडिओ, आणि अक्षरं-रंग कळावेत म्हणून फुल रिझोल्यूशनच्या तीन-चार स्थिर पीएनजी फ्रेम. त्या फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवाव्यात, नाहीतर त्याही दाबल्या जातात. निम्म्या दुरुस्त्या तिथेच गळून पडतात.

शेवटचा अपघात रेंडर क्यूमध्ये होतो. रेंडर सेटिंगमध्ये 'बेस्ट सेटिंग्ज' असेल तर प्रिव्ह्यूसाठी घेतलेलं हाफ किंवा क्वार्टर बाजूला ठेवून फुलवर काढलं जातं आणि प्रॉक्सीऐवजी मूळ फूटेज वापरलं जातं. तिथे 'करंट सेटिंग्ज' निवडलं असेल, तर कॉम्प ज्या अवस्थेत होता त्याच अवस्थेत बाहेर पडतो. १९२० बाय १०८० च्या कॉम्पमधून ९६० बाय ५४० ची फाइल येते. रंगखोली तर 'बेस्ट सेटिंग्ज'मध्येही प्रोजेक्टची जी असेल तीच राहते. हालचालीसाठी आठ बिटांवर आणलेला प्रोजेक्ट तसाच राहिला असेल, तर आकाशाच्या ग्रेडियंटमध्ये पट्टे पडतात, आणि ते आपल्याआधी वाहिनीच्या तपासणीवाल्याला दिसतात.